बरं हाय, साहेब

वकिलाच्या कारकुनाकडे आठवणी कोणी मागत नाही. आमचे नानासाहेब गेले तेव्हा पेपरात त्यांच्यावर अर्धा रकाना आला होता, त्यात माझा उल्लेख ‘त्यांचे एक सहकारी’ एवढाच. सहकारी कसला? त्या माणसाचं अक्षर अख्ख्या नगर जिल्ह्यात मला एकट्याला लागायचं, खुद्द त्यांना सुद्धा लागत नसे. कितीतरी वर्षं मी त्यांच्या मागे कागदांची पिशवी घेऊन कोर्टाच्या पायऱ्या चढलो. ह्या अंकाचे संपादक माझ्याच आळीत राहतात आणि सकाळी दुधाच्या रांगेत नेमके माझ्या पुढे उभे असतात. रोज एक किस्सा ऐकून त्यांचे कान किटले असावेत, म्हणाले, एकदाचं लिहूनच टाका. तर घ्या.

कुळकथा सांगत बसत नाही. मला सांगायचंय ते बसच्या अपघातांच्या केसेसबद्दल, तेही बाहत्तर-त्र्याहत्तरच्या सुमाराच्या. बाकीचे वकील ह्या केसेस फारशा घेत नसत. त्यांचं म्हणणं, बांधावरचं भांडण तीन पिढ्या चालतं, मोडलेल्या पायात काय ठेवलंय? नानासाहेब मात्र घेत. का घेतात, असं मी एकदा विचारलं तर तपकिरीची चिमूट नाकात कोंबून म्हणाले, बांध काही रडत ऑफिसात येत नाही.

आता तुम्हांला थोडा कायदा शिकवतो, घाबरू नका. अपघात झाला, पोलीस आले, ड्रायव्हरला धरलं, म्हणजे आता आपल्याला काहीतरी मिळणार, असा लोकांचा समज असतो. तो मोडता मोडता मी म्हातारा झालो. पोलीस केस ही सरकार विरुद्ध ड्रायव्हर. तो सुटला तरी तुमचा हात मोडलेला आणि त्याला शिक्षा झाली तरी तुमचा हात मोडलेलाच. दुसरी वाट साध्या दिवाणी दाव्याची. ती लांबची, स्टॅम्पही जबर, आणि निकाल लागेपर्यंत हाड आणि हाडाचा मालक दोघेही पिकून जायचे. तिसरी वाट खास ह्याच कामासाठी काढलेली, अपघातांच्या भरपाईचं न्यायाधिकरण. नाव भारदस्त असलं तरी बसायचे आपले जिल्हा न्यायाधीशच. तिथे साधा अर्ज करायचा, फी किरकोळ, आणि समोर तिघांना उभं करायचं, ड्रायव्हर, बसमालक आणि बसचा विमा उतरवलेली कंपनी. भरपाई देते ती बहुतेक कंपनीच. मेख एकच होती, अर्ज अपघातापासून सहा महिन्यांच्या आत गेला पाहिजे. आमच्याकडे निम्मे लोक पोलीस केसच्या निकालाची वाट बघत सातव्या महिन्यात यायचे आणि वर म्हणायचे, घाई नाय, सावकाश करा.

नानासाहेबांचा एक दंडक होता. दवाखान्याच्या दारात उभं राहून गिऱ्हाईक आणायचं नाही. काही वकिलांचे कारकून सिव्हिलच्या फाटकाशी कोरं वकीलपत्र घेऊन बसत, स्ट्रेचर दिसलं की धावत. मला कधी ते करावं लागलं नाही, ह्याचा मला आजही तोरा आहे.

आणि गिऱ्हाइकं तरी काय एकेक. जामखेडचा एक पैलवान गडी मांडीचं प्लॅस्टर कापल्यावर ते अख्खंच्या अख्खं धोतरात गुंडाळून पुरावा म्हणून घेऊन आला होता. सहा महिने त्यानं ते देव्हाऱ्याच्या बाजूला ठेवलं होतं आणि बायको देवपूजेच्या हाताने त्यालाही हळदकुंकू लावायची, त्यामुळे ते न्यायाधीशांपुढे ठेवल्यावर साहेब आधी जरा दचकलेच. भंडारदऱ्याकडचा एक म्हातारा, त्याच्या तीन बरगड्या मोडलेल्या, पण त्याबद्दल चकार शब्द नाही. त्याचा हट्ट, टोपलीतल्या चार कोंबड्या मेल्या त्यांचं बोला. कायदा माणसांसाठी आहे हे पटवायला मला दोन कप चहा पाजावा लागला. शेवटी म्हणाला, कायदा करणाऱ्यानं कोंबडी पाळलेली दिसत न्हाई.

पण सगळ्यांत जास्त मला आठवते ती तिसगावची सगुणामावशी. ती सुईण होती. पन्नाशीची, काटक, कपाळावर रुपयाएवढं कुंकू आणि तोंड असं चालायचं की टाईपरायटर मागे पडावा. पंचक्रोशीतल्या निम्म्या पोरांची नाळ तिनं कापलेली. एवढा पाटील असला तरी ती त्याला भर बाजारात एकेरीत हाक मारायची आणि तोही गपगुमान थांबायचा.

झालं असं. गावातल्या एका पोराचं लग्न निघालं. दुष्काळाचं साल, वऱ्हाड बेतानंच, तरी हौस म्हणून नगरच्या गेनूशेठची खाजगी बस ठरवली. नवरदेव मावशीच्याच हातचा, म्हणून तिला मानानं ड्रायव्हरच्या मागची पहिली जागा दिली. आता आपल्याकडची रीत तुम्हांला माहीत आहे, वऱ्हाड निघताना गाडीपुढे नारळ फुटतो आणि ड्रायव्हरलाही मानाचा फेटा बांधतात. ह्या ड्रायव्हरला तो असा बांधला की बांधणाऱ्याचं सगळं लक्ष तुऱ्याकडे. गाव सोडून दोन मैल गेले, ओढ्याचं वळण आलं, बसला हादरा बसला आणि फेटा घसरून थेट ड्रायव्हरच्या डोळ्यांवर. फेटा वर करावा की स्टिअरिंग धरावं, ह्याचा विचार करायला त्याला जेवढा वेळ लागला तेवढ्यात बस ओढ्यात आडवी. त्या वर्षी ओढ्याला पाणी नव्हतं म्हणून वाचले. दुष्काळानं केलेलं एवढं एकच पुण्य मला ठाऊक आहे.

कोणी दगावलं नाही. खरचटलेले, सुजलेले बरेच. नवरदेवाच्या कपाळाला टेंगूळ आलं, त्याच्यावर मुंडावळ्या बांधून लग्न लागलं. मावशीनं मात्र पुढचा दांडा उजव्या हातानं धरला होता आणि तिचं मनगट पिचलं होतं. सिव्हिलला नेलं, हाड बसवलं, प्लॅस्टर घातलं. प्लॅस्टर निघाल्यावर हात दिसायला धड, पण मनगट वळेना. तळवा आकाशाकडे करायचा म्हटलं तर कोपरापासून सगळं अंग वाकवावं लागायचं.

गेनूशेठ माणूस वाईट नव्हता. स्वतः क्लीनर म्हणून सुरुवात करून एका बसचा मालक झालेला. तो आठवड्याभरात गावात आला, पुरुषांना टोपी-टॉवेल, बायांना खण-नारळ देऊन आपसात मिटल्याच्या कागदावर सह्या-अंगठे घेऊन गेला. मावशीपुढे त्यानं लुगडं ठेवलं. तिनं ते परत सारलं. म्हणाली, “लुगडं म्या बाळंतपनाचं घेते, हात मोडल्याचं न्हाई.”

ती आमच्याकडे आली तेव्हा सहा महिने पुरे व्हायला अकरा दिवस उरले होते. तिचीही तीच समजूत, पोलीस केस चाललीय, तिथूनच काय ते येईल. मी कॅलेंडर बघितलं आणि लगेच पायात चपला घातल्या. त्या अकरा दिवसांत मी पोलीस ठाण्यातून फिर्यादीची आणि पंचनाम्याची नक्कल काढली, सिव्हिलमधून दाखला मिळवला आणि राहिला तो बसचा विमा. तो कोणत्या कंपनीत आहे हे मालकाशिवाय कोणाला ठाऊक नसतं आणि मालक कशाला सांगेल? मी सरळ गेनूशेठच्या अंगणात जाऊन बसलो. त्याला म्हणालो, शेठ, विमा काढलाय तर भरेल कंपनी, तुमच्या खिशाला कशाला तोशीस? त्यानं विचार केला, चहा मागवला आणि कागद दाखवला. ही युक्ती कोणत्याही कायद्याच्या पुस्तकात नाही. मुदतीच्या दोन दिवस आधी अर्ज दाखल झाला.

केस उभी राहिली आणि मग खरी अडचण समोर आली. माणसाला काय मिळावं हे तो काय कमवत होता ह्यावरून ठरतं. गिरणीतल्या माणसाचा पगार असतो, मास्तरचा असतो, सुईणीचं काय? ती कधी पैसे मागत नसे. ज्याला जे जमेल ते. कोणी पायलीभर ज्वारी, कोणी खण, कोणी नुसतं पायावर डोकं. विमा कंपनीचे वकील पुण्याहून यायचे, गोरेगोमटे, बोलायला मध. त्यांनी लेखी जबाबात लिहून टाकलं की अर्जदार बाईला काहीही उत्पन्न नाही, सबब तिचं काहीही नुकसान नाही. वर ही मखलाशी, की ड्रायव्हरला फेटा वऱ्हाडानं बांधला, म्हणून अपघाताला वऱ्हाडच जबाबदार. नानासाहेबांनी तो कागद वाचला आणि लागोपाठ तीन चिमट्या तपकीर ओढली.

मी तिसगावला निरोप धाडला की मावशीच्या कामाबद्दल सांगायला दोन बाया साक्षीला पाठवा. तारखेच्या दिवशी सकाळी कोर्टाच्या आवारात बघतो तर ट्रकभर बाया, प्रत्येकीच्या कडेवर नाहीतर बोटाला एक पोर. त्या दिवसांत सगळ्या दुष्काळी कामावर खडी फोडायला जायच्या, एका दिवसाचा खाडा म्हणजे त्या दिवसाची चूल बंद. तरी आल्या. नानासाहेबांनी मला बाजूला घेऊन विचारलं, दोन म्हणजे किती हे तुमच्या भाषेत जरा वेगळं आहे का? मी म्हटलं, साहेब, त्या म्हणतात पुराव्याला पोरं दाखवायची आहेत.

शेवटी दोघींचीच साक्ष झाली. एकीनं सांगितलं की मुलगा झाला तर मावशीला लुगडं देतात आणि मुलगी झाली तर खण. मागे बाकावर बसलेली मावशी ताडकन उठली आणि म्हणाली, खोटं हाय, मी पोरीला बी लुगडंच घेते. शिपायानं तिला दटावून खाली बसवलं. न्यायाधीश साहेब लिहिता लिहिता हसले. मला वाटलं, आपली गाडी रुळावर आहे.

मग मावशीची साक्ष. इथे मला माझी चूक कबूल केली पाहिजे, कारण ती माझीच होती. साक्षीदाराला घाबरू नको, विचारलं तेवढंच सांग, हे समजावणं कारकुनाचं काम. मी तिला दोन दिवस सगळे वाकडे प्रश्न समजावले होते. फेट्याचा, खण-नारळाचा, वयाचा. वकील ओरडेल तेव्हा काय करायचं तेही सांगितलं होतं. ती म्हणाली होती, माझ्यासमोर बाया ओरडतात तसं ओरडायची ह्याची काय बिशाद. खरंच होतं ते. फक्त तो ओरडलाच नाही तर काय, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

नानासाहेबांनी विचारलेल्याची उत्तरं तिनं ठणठणीत दिली. मग पुण्याचे वकील उठले. त्यांनी तिला हात जोडून नमस्कार केला. पोरं किती, नातवंडं किती, पाऊस कसा, असं घरच्यासारखं विचारलं. मावशी खुलली. आणि मग ते दोन पावलं पुढे येऊन अगदी लेकाच्या मायेनं म्हणाले, “काय मावशी, आता बरं आहे ना?”

“बरं हाय बाबा, देवाच्या दयेनं.”

झालं. वकिलांनी मान झुकवली आणि खाली बसले. साहेबांनी टंकलेखकाला सांगितलं, लिहा, साक्षीदार कबूल करते की ती आता बरी आहे. टाईपरायटरची ती टकटक अजून माझ्या कानात आहे. मावशी पिंजऱ्यातून उतरून माझ्याकडे बघून हसली, तिला वाटलं छान झालं. मला तिच्याकडे बघवेना.

आता सांगा, ह्यात त्या बाईचं काय चुकलं? आपल्याकडे कोणी भलं माणूस बरं आहे का म्हणून विचारतं तेव्हा ते उत्तर मागत नसतं, रामराम करत असतं. घरात माणूस अंथरुणाला खिळलेलं असलं तरी आपण दारात बरं आहे असंच म्हणतो. आपलं दुखणं चारचौघांत मांडणं म्हणजे भीक मागण्यासारखं वाटतं. आणि मला ते ठाऊक असायला हवं होतं, कारण पहिल्या दिवशी ऑफिसात आली तेव्हा मी हाच प्रश्न विचारला होता आणि हेच उत्तर मिळालं होतं. न वळणारा हात पदराखाली झाकून म्हणाली होती, बरं हाय.

नानासाहेबांनी फेरतपासणीत दोन प्रश्न विचारून बघितले, पण कोर्टात आपल्याच साक्षीदाराच्या तोंडात उत्तर घालता येत नाही. समोरच्यांनी हरकत घेतली, साहेबांनी ती मानली. जेवणाची सुट्टी झाली. नानासाहेब डबा न उघडता बार रूममध्ये बसून राहिले. मी बाहेर लिंबाखाली येरझारा घालत होतो, स्वतःला शिव्या देत. तेवढ्यात समोरून गेनूशेठ आला. सुट्टीनंतर त्याचीच साक्ष होती. त्याची उजवी दाढ सुजून गाल लिंबाएवढा वर आलेला, हनुवटीखालून डोक्यावर उपरणं बांधलेलं, डोळे लाल. मी सवयीनं म्हटलं, काय शेठ, बरं आहे ना? तो त्या गालातून म्हणाला, बरं हाय भाऊसाहेब, तुमच्या कृपेनं. आणि पुढे गेला.

मी जागच्या जागी थांबलो. मग धावत जाऊन एका चिठोऱ्यावर लिहिलं, ‘शेठला बरं आहे का ते विचारा’, आणि नानासाहेबांपुढे ठेवलं. त्यांनी वाचलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा वाचलं. मग सावकाश डबा उघडला आणि दोन पोळ्या खाल्ल्या.

गेनूशेठ पिंजऱ्यात उभा राहिला. कंपनीच्या वकिलांचं त्याला विचारून झालं, फेटा, वऱ्हाड, सगळं. नानासाहेब उलटतपासणीला उठले. त्यांनीही हात जोडले. आवाजात तोच मध आणून म्हणाले, “काय गेनूशेठ, बरं आहे ना आता?”

“बरं हाय साहेब, आपल्या कृपेनं.”

बाकांवर खसखस पिकली. नानासाहेब न हसता म्हणाले, लिहून घ्यावं साहेब, साक्षीदार बरा आहे. मग शेठकडे वळून, बस चालू झाली का? शेठ म्हणाला, कशाची चालू होतीय, अंगनात उभी हाय, उंदरांनी शिटा खाल्ल्या. झोप लागते का? तीन रात्री डोळ्याला डोळा न्हाई. जेवण? चतकोर भाकरी दुधात कुस्करून, तीबी डाव्या अंगानं. मग नानासाहेबांनी अगदी हळू विचारलं की शेठ, मघाशी तुम्ही बरं आहे असं शपथेवर सांगितलंत, ते कसं? गेनूशेठनं गाल धरून साहेबांकडे बघितलं. म्हणाला, “आता भल्या मान्सानं हात जोडून इचारल्यावर बरंच म्हनावं लागतं की साहेब. दुसरं काय म्हनायचं?”

सगळं कोर्ट हसलं. ट्रकभर बाया हसल्या, त्यांची पोरं हसली, शिपाई तोंड फिरवून हसला. पुण्याचे वकील सुद्धा हसले, मान द्यायला हवा, कारण डाव उलटला हे कळण्याइतके ते हुशार होते. न्यायाधीश साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, बाईंना पुन्हा बोलवा, मला एक विचारायचं आहे.

मावशी पुन्हा पिंजऱ्यात आली. हसणं थांबलं. साहेबांनी तिला बरं आहे का असं विचारलं नाही. विचारलं, “बाई, ह्या हातानं आता बाळ घेता येतं का?”

पदराखालचा हात तिनं बाहेर काढला आणि कठड्यावर ठेवला, उलटा करायला गेली, नेहमीसारखं सगळं अंग वाकलं. मग म्हणाली, “घेता यतं साहेब. पर म्या घेत न्हाई. निसटलं तर?”

साहेबांनी टंकलेखकाकडे बघितलं, त्याला काही सांगावं लागलं नाही, तो आपणहून लिहीत होता.

निकाल दोन महिन्यांनी लागला. आकडा सांगत नाही, आजच्या बाजारात तो ऐकून तुम्ही हसाल आणि त्या काळात तिसगावच्या लोकांनी तो ऐकून तोंडात बोट घातलं होतं. निकालपत्रात साहेबांनी लिहिलं होतं की ज्या हाताचा मोबदला बाई मागत नव्हती त्या हाताला किंमत नव्हती असं होत नाही. फेट्याबद्दलही एक वाक्य होतं, की मान घ्यायचा की गाडी चालवायची हे ड्रायव्हरनं आधी ठरवायला हवं होतं. नानासाहेबांनी ते वाक्य मला तीनदा वाचायला लावलं. कंपनीनं अपील केलं नाही.

लोकांना वाटलं मावशी आता पाटल्या करेल. तिनं दोन शेळ्या घेतल्या आणि एक तीन सेलचा टॉर्च. टॉर्च कशाला म्हणून विचारलं, तर सूनबाईसाठी. मावशीनं सुनेला कामाला लावलं होतं. सून हात चालवायची आणि मावशी शेजारी पाटावर बसून तोंड. बाळंतिणींचं म्हणणं, कळांपेक्षा मावशीच्या तोंडाचंच भ्या जास्त.

पुढे दर सहा महिन्यांनी ती नगरला बाजाराला आली की ऑफिसात डोकवायची. मी मुद्दाम विचारायचो, काय मावशी, बरं आहे ना? आणि ती दारातच उभी राहून सुरू करायची, बरं न्हाई, मनगट वळत न्हाई, गुडघा दुखतो, दोन दाढा पडल्या, शेळीला खरूज झाली, लेक ऐकत न्हाई. नानासाहेब आतून ओरडायचे, मावशी, आता काय उपयोग, निकाल लागला. ती म्हणायची, लागू द्या, सवय ऱ्हावी.

काही वर्षांनी नानासाहेब गेले. सकाळी कोर्टात निघायच्या तयारीत होते, बुटाची नाडी बांधायला वाकले आणि तसेच बसून राहिले. त्यांचा मुलगा मुंबईला इंजिनिअर, त्याला वकिलीशी काय देणंघेणं? ऑफिसची जागा महिनाअखेरीला सोडायची ठरलं. मी रोज अकराला येऊन कुलूप काढायचो, टेबल पुसायचो, केसेसचे गठ्ठे त्या त्या वकिलांकडे पोचवायचो आणि सहाला कुलूप लावायचो. येणारा जाणारा विचारायचा, काय भाऊसाहेब, कसं काय? मी म्हणायचो, बरं आहे, चाललंय. दुसरीकडे लागलात का? लागेन, बरं आहे. घरी बायकोनं विचारलं तरी तेच.

शेवटच्या आठवड्यात मावशी आली. बाजारचा वार नव्हता, म्हणजे ती मुद्दाम आली होती. पायरीवर चपला काढल्या, आत आली, नानासाहेबांच्या खुर्चीला हात लावून नमस्कार केला आणि माझ्या समोर पक्षकाराच्या बाकावर बसली. मी पाणी दिलं. ती प्यायली आणि म्हणाली, “काय भाऊ, बरं हाय का?”

“बरं आहे मावशी.”

तिनं तांब्या खाली ठेवला. इतकी वर्षं अहो-जाहो करणारी बाई पहिल्यांदा एकेरीवर आली. म्हणाली, “खरं सांग. हितं कोर्ट न्हाई.”

मग मला जे झालं ते झालं. पंचेचाळीस वर्षांचा बाप्या, टेबलावर डोकं ठेवून रडलो. आता त्यांचं अक्षर वाचायला कोणी सांगणार नाही, एवढंच मी बोलत होतो, पुन्हा पुन्हा. ती उठून माझ्या मागे आली आणि पाठीवरून हात फिरवत राहिली, डावा हात, कारण उजवा वळत नव्हता. एवढ्या बायांना तिनं ओरडू दिलं होतं, तसं मलाही दिलं.

बऱ्याच वेळानं मी तोंड धुऊन आलो. तिनं माझ्याकडे नीट निरखून बघितलं आणि पुन्हा विचारलं, आता?

मी म्हणालो, आता बरं आहे. ही साक्ष मात्र खरी होती.